मिस्सेतलं गाणं बोचू लागतं तेव्हा

वसईतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या धर्मग्रामात, म्हणजे त्यांच्या कॅथलिक चर्चच्या हद्दीत, रविवारच्या मोठ्या मिस्सेला (मुख्य उपासनेला) हल्ली कीबोर्डवरचा तयार ठेका लावून गाणी म्हणतात. दर आठवड्याला नवं गाणं, टाळ्या वाजवण्याचा आग्रह, कधी कधी चक्क सिनेमाची चाल. पेटी-तबल्यावर ऐकलेली लहानपणची भक्तिगीतं आता फक्त मयताच्या मिस्सेला कानावर पडतात. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, स्वीकारून जागेवर येईपर्यंत त्यांचं डोकं भणभणलेलं असतं, आणि घरी जाताना देवाच्या घरात आपण चिडचिड केली म्हणून अपराधी वाटतं. हे पाप आहे का, दुसऱ्या चर्चला जावं का, फादरांशी बोलावं का, की मुकाट्याने सोसावं?

ताई, मी तरुणपणापासून वसईतल्या क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, गात आलो, पुढे पेटीवर बसलो आणि आता निरनिराळ्या गावांतल्या मुलामुलींना मिस्सेची गाणी शिकवतो. म्हणजे तुमची तक्रार ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्याच बाकावर माझं बरंचसं आयुष्य गेलं. तरीही सांगतो, तुमचा त्रास खरा आहे. 'वय झालं की असं होतं' म्हणून कोणी तो झटकून टाकला तर ऐकू नका. मात्र त्या त्रासात दोन-तीन निराळ्या गोष्टींचा गुंता झाला आहे. तो सोडवला नाही तर फादरांकडे जाऊनही उपयोग होणार नाही आणि मनही शांत होणार नाही. त्यातलं काय ख्रिस्तसभेच्या (कॅथलिक चर्चच्या) नियमाविरुद्ध आहे, काय निव्वळ ढिसाळपणा आहे आणि काय फक्त आपल्या कानांना नकोसं वाटतं, हे आधी ओळखायला हवं.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते निम्मा त्रास तिथेच असतो. माणूस म्हणतो 'हे गाणं मला आवडत नाही', आणि खोदून विचारलं की कळतं, त्याला स्पीकर असह्य झालेला असतो. आपली जुनी चर्चेस माईक यायच्या कितीतरी आधी बांधलेली आहेत. जाड भिंती, उंच छत, लांबलचक सभागृह. तिथे बिनमाईकचा आवाज सुंदर भरून राहतो. पण त्याच जागेत कीबोर्डचा खर्ज आणि यंत्राचा ठेका मोठ्या स्पीकरमधून सोडला, की एक ठोका विरायच्या आत दुसरा येऊन आदळतो आणि शब्द त्यात बुडून जातात. पुढे चार गायक चार माईकवर असले तर बाकावरच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजारच्याचाही नाही. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो गाणं सोडतो. लोक गात नाहीत असं पाहून क्वायर आणखी जोर लावते, लोक आणखी गप्प होतात. मग क्वायर म्हणते 'लोकांना उत्साह नाही' आणि लोक म्हणतात 'यांनी नाटक मांडलंय'. दोघांचीही मनं कलुषित होतात, आणि उपाय असतो एक माईक ठेवून तीन बंद करण्याचा.

दुसरी बाब पट्टीची. मुली-मुलं मोबाईलवर ऐकलेलं गाणं मूळ गायकाच्या पट्टीतच उचलतात. तो गायक व्यावसायिक असतो, त्याचा आवाज तार सप्तकात सहज फिरतो. आपल्या चर्चमध्ये शेतावरून आलेले आजोबा, नाइट ड्यूटी करून आलेली नर्स, सर्दी झालेली पोरं अशा सगळ्यांनी मिळून गायचं असतं. गाणं तार षड्जापाशी थांबत असेल तर पांढरी एक किंवा काळी एक ठीक. वर तार गंधारापर्यंत चढत असेल तर पट्टी खाली आणायलाच हवी. कीबोर्डवर त्यासाठी एक बटण दाबावं लागतं, बस्स. हे मी नव्या वादकांना पहिल्याच दिवशी सांगतो आणि बहुतेकांना ते कधी कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पुढच्या रविवारी एवढंच करून पाहा. स्पीकरपासून लांब, बाजूच्या दाराजवळ बसा. तेच गाणं बरंच कमी बोचलं, तर तुमची तक्रार शैलीपेक्षा आवाजाची आहे, आणि ती मिटवणं सगळ्यात सोपं.

आता नियमांकडे येतो. मिस्सेत जे गायलं जातं ते सगळं एका जातीचं नाही, हे क्वायरमधल्याही अनेकांना माहीत नसतं. 'प्रभू दया कर', गौरवगीत, 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा' हा मिस्सेचा स्वतःचा मजकूर आहे. चाल कोणतीही लावा, भैरवीत बांधा नाहीतर गिटारवर म्हणा, शब्द मिस्साग्रंथातलेच, म्हणजे मिस्सेच्या अधिकृत प्रार्थनापुस्तकातलेच हवेत. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये ५३ वा परिच्छेद गौरवगीताबद्दल हेच सांगतो आणि ३६६ वा परिच्छेद मिस्सेच्या विधीतल्या इतर गाण्यांबद्दल. तेव्हा 'देवाच्या कोकरा'च्या जागी शांतीचं दुसरंच गोड गाणं म्हटलं जात असेल, तर तुमचं खटकणं आवडीनिवडीचं नाही. तुम्ही बरोबर आहात.

प्रतिसाद स्तोत्राबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण आपल्या भागातली सगळ्यात मोठी हानी इथे होते असं मला वाटतं. पहिल्या वाचनानंतरचं स्तोत्र हे त्या वाचनाला लोकांनी दिलेलं उत्तर असतं. ते बायबलमधलं, त्या दिवसासाठी नेमलेलं. त्याऐवजी एखादं गीत घेऊ नये असं ६१ वा परिच्छेद स्पष्ट म्हणतो. तरीही कितीतरी ठिकाणी तिथे 'वेळेला धावून येणारं' दोन कडव्यांचं गाणं म्हणतात, नाहीतर स्तोत्र घाईघाईने वाचून टाकतात. स्तोत्रसंहितेत रडणं आहे, राग आहे, 'किती काळ, प्रभू?' असा थेट जाब आहे. माणसाच्या मनातलं जे इतर कुठल्याच भक्तिगीतात बसत नाही ते स्तोत्रात बसतं. ओवीच्या किंवा साकीच्या साध्या चालीत एकाने ओळी म्हणाव्यात, लोकांनी पालुपद उचलावं, याला ना ठेका लागतो ना कीबोर्ड. तुमच्या धर्मग्रामात एकच बदल मागायचा असेल तर हा मागा. स्तोत्र नीट गायलं जाऊ लागलं की मिस्सेचा सगळा सूरच खाली, गंभीर होतो. त्यानंतरचं उडतं अर्पणगीतही मग तेवढं टोचत नाही, हे मी अनेक गावांत अनुभवलं आहे.

प्रवेश, अर्पण आणि ख्रिस्तशरीर स्वीकारतानाची गीतं मात्र निवडता येतात. तिथे क्वायरला मोकळीक आहे आणि ती असायला हवी. प्रत्येक गीताला काम नेमून दिलेलं आहे, एवढं मात्र विसरून चालत नाही. फादर वेदीपाशी पोहोचून उभे आहेत आणि आम्ही प्रवेशगीताचं चौथं कडवं ओढतोय, हे चुकीचं. ख्रिस्तशरीर वाटून झाल्यावर शांतता हवी, तिथे आणखी एक एकल गाणं घुसवायचं नाही. समाप्तीगीताचा तर त्या सूचनांत उल्लेखही नाही, ती आपली जुनी प्रथा. तपःकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांत, वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती वाजवावीत, तपःकाळाचा चौथा रविवार, महोत्सव आणि सण एवढा अपवाद, असं ३१३ वा परिच्छेद सांगतो. तपःकाळ सुरू करणाऱ्या भस्मबुधवारनंतरही तुमच्याकडे मध्ये मध्ये कीबोर्डचे लांबलचक तुकडे वाजत असतील तर तेही बोलायचं कारण आहे.

सिनेमाच्या चालीबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. चाल एकटी येत नाही, ती आपल्याबरोबर पडद्यावरचं सगळं घेऊन येते. शब्द कितीही पवित्र घातले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नायक-नायिका नाचू लागतात. मुलांना हे समजावलं की पटतं, पण 'तुम्हाला काही कळत नाही' असं म्हणत समजावलं तर पटत नाही.

एवढं बाजूला काढल्यावर जे उरतं ती शैली. इथे तुमच्याशी थोडं कठोर बोलतो, राग मानू नका. तुम्हाला जी पेटी आणि तबला 'आपली' वाटते ती आपल्या आजी-आजोबांना चर्चमध्ये परकी वाटली होती. ते लॅटिन मिस्सेत वाढलेले. 'तान्तुम एर्गो' हे लॅटिन गीत त्यांना अर्थ न कळताही पाठ होतं आणि डोळे मिटून ते म्हणायचे. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये चर्चसंगीताबद्दल जे फर्मान काढलं, त्यात पियानो आणि ढोलासारख्या वाद्यांना चर्चमध्ये मनाई होती. मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेचा, उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी आला. त्याने ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला) मानाचं पान दिलं, पाइप ऑर्गनचा गौरव केला, आणि ११९ व्या परिच्छेदात हेही सांगितलं की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या उपासनेत तिला योग्य स्थान मिळावं. १९६९ मध्ये भारतासाठी आरती, हात जोडून नमस्कार, जमिनीवर बसणं अशा बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. तेव्हा काही जणांना भरून आलं आणि काही जणांना वाटलं की आपलं ख्रिस्तीपण काढून घेतलं जातंय. दोन्ही बाजूंना मनापासून प्रार्थना करणारी माणसं होती.

आणखी मागे जा. इंग्लंडमधले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. नव्या ख्रिस्ती लोकांच्या कानांना पुराण आणि ओवीची सवय होती हे ओळखून त्यांनी येशूची कथा मराठी ओवीत रचली, आणि १६१६ मध्ये ते ख्रिस्तपुराण छापून निघालं. त्याच गोव्यात धर्मग्रामांच्या शाळा पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत होत्या, आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनच्या साथीने चर्चमध्ये गात आले. इकडे रेव्हरंड टिळकांनी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये अभंग, भजन आणि कीर्तन रुजवलं. या सगळ्यात 'खरं' ख्रिस्ती संगीत कोणतं, असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही.

आता तुमच्या क्वायरमधली मुलं पाहा. ती इंग्रजी माध्यमात शिकली आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला सुरू झालेली करिश्मॅटिक (उत्स्फूर्त प्रार्थनेवर भर देणारी) चळवळ सत्तरच्या दशकात भारतात आली, आणि तिच्या प्रार्थनासभांमधून टाळ्या, हात उंचावणं, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं हे सारं घराघरांत पोहोचलं. या मुलांच्या आयांनी त्या सभांमध्ये आजारपणात, नवऱ्याच्या दारूपायी रडून प्रार्थना केली आहे. त्या मुलांसाठी हे गाणं उथळ नाही, त्यांच्या घरातल्या कठीण दिवसांशी जोडलेलं आहे. हे कळल्यावर ते गाणं तुम्हाला आवडू लागेल असं नाही, आवडायची सक्तीही नाही. पण समोर गाणाऱ्या मुलीकडे पाहताना कपाळावर जी आठी येते ती थोडी सैल होते.

चांगल्या संगीतातही धोका असतो, हे संत ऑगस्टीन यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. मिलानच्या चर्चमधलं गायन ऐकून ते रडले होते. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो तर मला ते पाप वाटतं, आणि तेव्हा गाणं ऐकलंच नसतं तर बरं असं होतं. तुमच्या लहानपणची ती सुरेल मिस्सा आठवताना हेही तपासून पाहा, की तिथे आपल्याला काय भेटत होतं. बहुतेक दोन्ही भेटत होतं, देवही आणि बालपणही. त्यात वाईट काहीच नाही, फक्त दुसऱ्याची उणीव पहिल्याच्या नावावर मांडू नये.

चिडचिड होणं हे पाप का, हा प्रश्न धर्मगुरूंचा, तरी मला जे शिकवलं गेलं ते सांगतो. मनात आपोआप उठणारा वैताग पाप नाही. तो मुद्दाम जोपासणं, मिस्साभर क्वायरच्या चुका मोजत बसणं, बाहेर पडून दारातच त्यांची टवाळी करणं, हे वेगळं. तेवढं पापनिवेदनात सांगा आणि मोकळ्या व्हा.

बाकावर बसून काय करायचं, तर शनिवारी रात्री रविवारची वाचनं आणि स्तोत्र घरी मोठ्याने वाचा. जमलं तर स्तोत्राचं पालुपद तुमच्या जुन्या चालीत गुणगुणा. मिस्सेत तुमचं मन धरून ठेवायला काहीतरी आधीच आत असेल तर बाहेरचा गोंगाट तेवढा आत शिरत नाही. टाळ्या वाजवायच्या नसतील तर वाजवू नका. हात जोडून उभं राहणं हाही सहभागच आहे, आणि त्यासाठी कोणी तुमच्याकडे वळून पाहिलं तर पाहू दे. पण जिथे शब्द मिस्सेचे आहेत, 'पवित्र पवित्र'पासून 'आमेन'पर्यंत, तिथे मात्र चाल न आवडूनही तोंड उघडा. तो मजकूर क्वायरचा नाही, तुमचा आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर गाण्यात सामील होणं शक्य नसेल तर डोळे मिटून गप्प बसा, तेवढी सूट घ्यायला हरकत नाही.

मिस्सेची वेळ बदलून पाहणं हा सगळ्यात साधा उपाय लोकांना शेवटी सुचतो. पहाटेच्या मिस्सेला बहुतेक ठिकाणी क्वायर नसते, असली तर दोन-चार वयस्क माणसं जुनी गाणी म्हणतात. आठवड्यातल्या एखाद्या सकाळच्या मिस्सेला जा, तिथली शांतता रविवारसाठी साठून राहते. शेजारच्या धर्मग्रामात गेलात तरी नियम मोडत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या १२४८ व्या कलमाप्रमाणे रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी, कॅथलिक विधीने होणाऱ्या कुठल्याही मिस्सेला हजर राहिलं की कर्तव्य पार पडतं. कायमचं मात्र लगेच जाऊ नका. तुमच्या धर्मग्रामात तुमच्या आईवडिलांची थडगी आहेत, आजारी पडलात तर तिथलेच शेजारी जेवणाचा डबा आणतील. महिन्यातून एखाद्या रविवारी दुसरीकडे जा, श्वास घ्या, परत या. वर्षभर असं करूनही मन सावरत नसेल आणि प्रार्थनाच सुटायची वेळ आली असेल तर खुशाल जा. अशा माणसाला मी कधीच दोष दिला नाही.

आता बोलायचं कसं. थेट फादरांकडे जाऊ नका, आधी क्वायर चालवणाऱ्या माणसाला भेटा, आणि रविवारी मिस्सा संपल्यावर तर अजिबात नको. तेव्हा तो दमलेला असतो आणि आजूबाजूला माणसं असतात. मधल्या वारी सरावाच्या दिवशी जा. आधी त्यांनी केलेलं एखादं चांगलं काम खरोखर आठवून सांगा. मग एकच गोष्ट मागा, नेमकी: 'स्तोत्र गाता येईल का?' किंवा 'स्पीकर थोडा कमी करता येईल का, मला पाचव्या बाकावर शब्द कळत नाहीत.' 'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे वाक्य टाळा, त्यावर कोणीच काही करू शकत नाही. दर महिन्याला एकच नवं गाणं घ्यावं आणि ते मिस्सेआधी पाच मिनिटं लोकांना शिकवावं, ही सूचना मी स्वतः सगळीकडे करतो आणि ती सहसा मानली जाते, कारण क्वायरलाही लोक गायला हवेच असतात.

तिथे दाद लागली नाही तर उपासना समितीकडे किंवा धर्मग्राम परिषदेकडे लेखी द्या, सोबत आणखी दोघा-तिघांच्या सह्या घेऊन. आदर राखून आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क कायद्याच्या २१२ व्या कलमाने प्रत्येक श्रद्धावंताला दिला आहे. पत्रात फक्त नियमाच्या बाबी लिहा: बदललेले शब्द, गाळलेलं स्तोत्र, तपःकाळातली वाद्यं. आवडीनिवडीचं एक वाक्य जरी आलं तरी सगळं पत्र आवडीनिवडीचं ठरतं. बिशपांपर्यंत जाण्याचा मार्गही खुला आहे, पण गाण्यांच्या बाबतीत तिथवर जायची गरज क्वचितच पडते.

आणि तुमचा गळा चालत असेल तर क्वायरमध्ये या. तुम्हाला जी गीतं पाठ आहेत ती या मुलांनी ऐकलेलीच नाहीत. ती कुठे नीट लिहून ठेवलेली नाहीत, जुन्या पेटीवाल्यांबरोबर अनेकांच्या चाली गेल्या. एका वहीत शब्द उतरवा, मोबाईलवर चाल म्हणून ठेवा आणि क्वायरला द्या. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला सांगा, ठेका बंद करून नुसते सूर धर. हे जमलं तर ख्रिस्तजयंतीपूर्वीच्या आगमनकाळाच्या आधीच करा. एकदा ख्रिस्तजयंतीच्या गाण्यांचा सराव सुरू झाला की जानेवारी उजाडेपर्यंत क्वायरमधल्या कोणालाच तुमच्याशी बोलायला फुरसत मिळणार नाही.